डुबकी आधी की डोंगर आधी? माउई बेटावरच्या एका दिवसाचं प्रकरण

हवाईच्या माउई बेटावर सकाळी प्रवाळांवर पोहणारा माणूस त्याच संध्याकाळी ३,०५५ मीटर उंचीवर, ढगांच्या वर उभा राहू शकतो. काहुलुई शहरापासून हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंतचा रस्ता साधारण ६० किलोमीटरचा. पूर्ण डांबरी, भाड्याची साधी गाडी आरामात चढते. म्हणूनच 'एका दिवसात समुद्र, झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाण्याचा खेळ) आणि ज्वालामुखी' असा बेत इथे सगळ्यांनाच सुचतो. सुचायलाही हवा, कारण बेट खरंच तितकं उदार आहे. पण या उदारपणात एक अडचण दडलेली आहे आणि ती कोणत्याही एका सहलीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. दोन सहली एकमेकींना जोडल्या की ती तयार होते.

पुढचं प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने, नावं न देता लिहिते आहे. मी स्वतः डायव्हिंग करते, त्यामुळे ते परतल्यावर आम्ही तो दिवस तासातासाने पुन्हा मांडला. सुरुवातीलाच सांगते, कोणाला काहीही झालं नाही. तरीही ते लिहावंसं वाटतं, कारण बेत हुशार माणसांनी, नीट वाचून आखला होता आणि तो कागदावर अगदी निर्दोष दिसत होता.

माणसं सहा. कॅलिफोर्नियात नोकरी करणारे आई आणि बाबा, त्यांची सोळा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, आईची धाकटी बहीण म्हणजे मुलांची मावशी, आणि भारतातून लेकीकडे आलेले आजोबा. आजोबांचं वय ६९, रक्तदाबाची गोळी रोजची. महिना एप्रिलचा, मंगळवार. सोमवारी दुपारीच ते बेटावर उतरले होते.

बेत आईने केला होता. साडेसहाला मालाएआ बंदर, सात वाजता बोट, पाऊण-एक तासात मोलोकिनी. तिथे चौघांचं स्नॉर्केलिंग, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर पोहणं; बाबा आणि मावशीची प्रशिक्षकासोबतची पहिलीवहिली स्कूबा डुबकी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. बारापर्यंत बंदरावर परत. दोनला डोंगरउतारावर, सुमारे १,२०० मीटर उंचीवरची झिपलाइन. साडेचारला तिथून निघून हालेआकालाचा माथा, पावणेसातचा सूर्यास्त, नऊपर्यंत मुक्कामी.

या बेताची जमेची बाजू आधी मान्य करायला हवी. मोलोकिनी हे समुद्रात अर्धं बुडालेलं, चंद्रकोरीसारखं ज्वालामुखीचं मुख आहे. १९७७ पासून तिथलं सागरी जीवन कायद्याने संरक्षित आहे आणि चांगल्या दिवशी पाण्यात तीस मीटरपर्यंतचं सहज दिसतं. पण ईशान्येचे व्यापारी वारे सकाळ सरता सरता जोर धरतात, आणि बेटाच्या दोन डोंगरांमधल्या सखल पट्ट्यातून घुसून नेमके मालाएआच्या उपसागरावर उतरतात. त्यामुळे मोलोकिनीला सकाळीच जायचं असतं. सूर्योदयासाठी हालेआकालाला जायचं तर २०१७ पासून आरक्षण लागतं, सूर्यास्ताला लागत नाही. हे सगळं आईने वाचलं होतं. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये हेही तिला माहीत होतं, आणि म्हणून परतीचं विमान तिने मुद्दाम चार दिवसांनी ठेवलं होतं. नियम ठाऊक होता, पाळलाही होता. फक्त तो विमानाचा नियम म्हणून ठाऊक होता.

बोट बंदराबाहेर पडली, डुबकी मारणाऱ्यांना मागच्या बाकावर बोलावलं गेलं. प्रशिक्षकाने कान कसे मोकळे करायचे, मुखवट्यात पाणी शिरलं तर काय करायचं, हे दाखवलं. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हे दोनदा सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आज दुपारी काय बेत?" मावशीने उत्साहाने सगळं सांगितलं. प्रशिक्षकाने हातातली टाकी खाली ठेवली आणि म्हणाला, मग एक तर डुबकी होईल किंवा डोंगर होईल, आज दोन्ही होणार नाही.

कारण समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका, दाब वाढतो. पहिल्या परिचय-डुबकीत जास्तीत जास्त १२ मीटर खोल नेतात. तिथला दाब पृष्ठभागाच्या सव्वादोन पटीच्या जवळ जातो आणि टाकीतली हवाही त्याच दाबाने फुप्फुसात येते. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो, आणि या 'हळूहळू'चा अर्थ तास असा आहे. तो अजून अंगात असताना बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, कातडीवर चट्टे किंवा खाज, विचित्र थकवा, हातापायांना मुंग्या, आणि वाईट प्रकारात मज्जारज्जूला इजा. याला डीकंप्रेशन आजार म्हणतात.

शरीराला विमान कळत नाही, दाब कळतो. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका किंवा त्याहून जास्तच ठेवलेला असतो. हालेआकालाचा माथा त्याहून सुमारे साडेसहाशे मीटर उंच. तिथला हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या सुमारे सत्तर टक्के. म्हणजे ज्या विमानासाठी आईने चार दिवस थांबायचं ठरवलं होतं, त्याहूनही कमी दाबाच्या जागी ती सगळ्यांना त्याच संध्याकाळी नेणार होती.

आकडेच हवे असतील तर डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या २००२ सालच्या कार्यशाळेतून आलेली शिफारस आजही वापरात आहे. एकच साधी डुबकी झाली असेल तर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस डुबक्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावं. पण ही शिफारस सुमारे ६०० ते २,४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. हालेआकाला तिच्याही बाहेर जातो. म्हणून डोंगराच्या बाबतीत तिथले डायव्हिंगवाले पूर्ण २४ तासांचं अंतर सांगतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. अर्ध्या-पाऊण तासाची, १२ मीटरच्या आतली एकच डुबकी फारसा नायट्रोजन साठवत नाही. बाबा आणि मावशी ठरल्याप्रमाणे वर गेले असते तर बहुधा दोघेही ठणठणीत परतले असते. मग एवढा आग्रह कशासाठी? माझ्यासाठी खरं कारण शक्यतेच्या आकड्यात नाही, ते माथ्यावरच्या परिस्थितीत आहे. समुद्रसपाटीवरून दोन तासांत तीन हजार मीटरवर गेलेल्या माणसाचं डोकं तसंही दुखतं. थकवा येतो, मळमळतं. दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात काढलेल्या माणसाला पाणी कमी पडल्यानेही हेच होतं. त्यात कोणी "खांदा दुखतोय, हात जड झालाय" म्हणालं, तर ते झिपलाइनच्या पट्ट्याने आहे, उंचीने आहे की बुडबुड्यांनी, हे अंधारात, गार वाऱ्यात, वाहनतळावर कोण ठरवणार? उंचीच्या त्रासावर खाली उतरणं पुष्कळदा पुरतं. डीकंप्रेशन आजाराला तातडीने ऑक्सिजन आणि मग दाबकक्षातले उपचार लागतात. लक्षणांची अशी सरमिसळ झाली की सगळ्यात वेळखाऊ चूक होते, ती म्हणजे "होईल बरं" म्हणून झोपी जाणं.

बोटीवर निर्णयाला वीसेक मिनिटं होती. बाबांनी पहिला मधला मार्ग सुचवला: डुबकी मारू, माथा सोडू, झिपलाइन तेवढी ठेवू. ऐकायला समंजस वाटतो, आणि म्हणूनच हाच पर्याय मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. तडजोड केल्याचं समाधान मिळतं आणि प्रश्न तसाच उरतो. झिपलाइन १,२०० मीटरवर होती. तिथला दाब किनाऱ्याच्या सुमारे ८७ टक्के, आणि डुबकीनंतर जेमतेम पाच तासांनी ते तिथे पोचले असते. शिफारशीतली ६०० मीटरची रेषा निम्म्या वाटेतच ओलांडली गेली असती. प्रशिक्षकाने यालाही नकार दिला. डोंगर म्हटलं की सगळ्यांना माथाच आठवतो, उतारावरची गावं आणि तिथले खेळ कोणी मोजत नाही.

मुलीने उलटा क्रम सुचवला, आणि प्रश्न हुशारीचा होता: आधी डोंगर, मग डुबकी केली तर? शरीराच्या दृष्टीने ते चालतं. उंचीवरून खाली आलेल्या माणसाच्या अंगात जास्तीचा नायट्रोजन नसतो. पण त्या दिवशी बोट निघालेलीच होती. एरवीही गणित बसत नाही. सूर्योदयासाठी पहाटे तीनच्या सुमाराला निघावं लागतं आणि सातची बोट मिळत नाही. दुपारच्या बोटी असतात, पण वारा चढला की त्या मोलोकिनी सोडून आडोशाच्या जागी जातात. तेव्हा या बेटावर मोलोकिनीची स्कूबा आणि हालेआकालाचा माथा एका दिवसात कोणत्याच क्रमाने नीट बसत नाहीत. वाऱ्याने एक बाजू बंद केली आहे, उंचीने दुसरी. स्नॉर्केलिंग मात्र बसतं, कारण त्यात पृष्ठभागावरचीच साधी हवा श्वासात जाते, दाबाखालची नाही.

आईने मग एकच प्रश्न विचारला: कोणाला काय सगळ्यात जास्त हवं आहे? मावशीचं उत्तर तयार होतं. "ताई, मला समुद्राच्या तळाशी जायचंय. डोंगर मी उद्याही बघेन." बाबांनी डुबकी सोडली. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते, ते गेले. पैसे गेले म्हणून बेत रेटायचा नाही, हे त्यांनी किती सहज स्वीकारलं याचं मला अजूनही कौतुक वाटतं. सहलींमधले बरेच चुकीचे निर्णय 'आता भरलेत ना पैसे' या वाक्यावर उभे असतात.

इथवर प्रकरण संपलं असं वाटेल. पण एकदा दोन सहलींमधला सांधा तपासायची नजर आली, आणि आईला त्याच दिवशी आणखी दोन सांधे दिसले.

पहिला गोळीचा. बोट लागू नये म्हणून बाबांनी सकाळी सहाला मळमळीची गोळी घेतली होती. या प्रकारातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, आणि काहींचा असर दिवसभर टिकतो. वेष्टनावर वाहन चालवू नये असं छापलेलंही होतं. बोटीच्या दृष्टीने गोळी योग्यच होती. पण तेच बाबा संध्याकाळी अंधारात, वळणावळणांचा घाट उतरवणार होते. त्यात एप्रिलमध्ये हवाईचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या तीन तास मागे. आदल्याच दिवशी आलेल्या माणसाच्या शरीराला संध्याकाळचे साडेसात म्हणजे रात्रीचे साडेदहा. गाडीच्या करारात चालक म्हणून आईचंही नाव होतं आणि तिने गोळी घेतली नव्हती. संध्याकाळची गाडी तिच्याकडे गेली, आणि त्यासाठी तिने झिपलाइन सोडून गाडीत तासभर झोप काढली. दिवसभराच्या साहसातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली कृती ही झोप आहे.

दुसरा सांधा आजोबांचा. हवाईत पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्केलिंगचा वाटा मोठा आहे, आणि त्यातले बरेच जण शांत पाण्यात, फारशी धडपड न करता जातात. तिथल्या अभ्यासात पुढे आलेलं एक कारण असं, की नळीतून श्वास ओढताना लागणाऱ्या जोरामुळे आणि श्रमामुळे फुप्फुसात झपाट्याने पाणी साठू शकतं. हृदयाचा त्रास असलेल्यांना हा धोका जास्त. खूण एकच लक्षात ठेवायची: पोहताना अकारण धाप लागली किंवा अंगातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर मुखवटा आणि नळी काढायची, उताणं व्हायचं, मदत मागायची. आजोबा तरंगता पट्टा बांधून शिडीजवळच राहिले, बाबा हाताच्या अंतरावर. डुबकी रद्द झाल्याचा हा फायदा. मूळ बेतात बाबा त्या वेळी पाण्याखाली असते आणि आजोबांजवळ दोन मुलं आणि एकटी आई. पंधरा मिनिटांत आजोबा वर आले, "पुष्कळ मासे बघितले, आता चहा द्या" म्हणाले.

मावशीची डुबकी सव्वानऊला संपली. ती बाहेर आली तेव्हा बोलतच नव्हती, नुसती हसत होती.

झिपलाइनवर मुलाचं वजन कमी भरलं. बहुतेक ठिकाणी सत्तावीस-तीस किलोची खालची मर्यादा असते. फार हलका माणूस तारेच्या मधेच थांबतो आणि त्याला ओढून आणावं लागतं. हा सव्वीस किलोचा. तो रडला आणि ते साहजिक होतं. घरच्या काट्यावर आधी उभा केला असता तर हे टळलं असतं. मावशी अर्थातच खाली किनाऱ्यावरच्या मुक्कामी थांबली होती, तेव्हा तारेवर गेले फक्त बाबा आणि मुलगी. झोप आणणारी गोळी घेतलेल्या बाबांनी तारेवरही जायला नको होतं, असं माझं मत आहे. आईचं म्हणणं, तिथे दोरी, खटके, थांबवणं सगळं प्रशिक्षकांच्या हातात होतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

माथ्यावर जाताना हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. किनाऱ्यावर २८ अंश असतील तर वर आठ, आणि वारा वेगळा. आईने कोरडे कपडे, टोप्या आणि जाकिटं यांची पिशवी सकाळीच गाडीत टाकली होती, कारण ओले केस आणि ओलसर पोहण्याचे कपडे घेऊन तिथे उभं राहणं अशक्य आहे. उद्यानात खायला मिळत नाही आणि पेट्रोलही नाही, म्हणून दोन्हीची सोय पायथ्याशी केली.

२,९६९ मीटरवरच्या अभ्यागत केंद्राशी पोचल्यावर आजोबांचं डोकं दुखू लागलं. आईने आधीच ठरवून ठेवलं होतं: कोणालाही त्रास झाला तर पंधरा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, आणि कमी झालं नाही तर उतरायचं. कमी झालं नाही. सूर्य मावळायला अजून अर्धा तास होता. मुलगी हळहळली, पण वाद घातला नाही, कारण नियम वर पोचायच्या आधी ठरला होता आणि तिच्यासमोर ठरला होता. ते खालच्या एका वळणावरच्या निरीक्षणस्थळी थांबले आणि सूर्यास्त तिथून पाहिला. ढगांचा थर तिथूनही पायाखालीच होता. उद्यानाच्या मुख्यालयापाशी, साधारण २,१०० मीटरवर आले तेव्हा आजोबांचं डोकं दुखायचं थांबलं होतं. उतारभर गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न रोवता. त्या रस्त्यावर रात्री गुरं येतात, आणि नेने नावाचा हवाईचा दुर्मीळ हंस गाड्यांखाली सापडतो. आईने एकदा त्याच्यासाठी गाडी पूर्ण थांबवली.

या डोकेदुखीकडे परत एकदा पाहा. मूळ बेताप्रमाणे ती बाबांना झाली असती, तर? आजोबांच्या बाबतीत कारण उघड होतं, म्हणून उपायही उघड होता. डुबकी मारून आलेल्या माणसाच्या बाबतीत तितक्याच साध्या डोकेदुखीने सगळ्यांची रात्र गेली असती, आणि रुग्णालय गाठावं की नाही यावर गाडीत वाद झाला असता. बोटीवर प्रशिक्षकाने विचारलेल्या त्या प्रश्नाने नेमकं हे वाचवलं.

तो प्रश्न आरक्षणाच्या एकाही टप्प्यावर कोणी विचारला नव्हता. डुबकीच्या अर्जात दमा, हृदयविकार, औषधं यांची विचारणा होती. झिपलाइनच्या अर्जात वजन आणि पाठीचं दुखणं. प्रत्येकाने आपापल्या खेळापुरती चोख काळजी घेतली. आधी काय केलं आणि नंतर काय करणार, हा रकाना कुठेच नाही. दोन्ही सहली एकाच संकेतस्थळावर, एकाच दिवसासाठी, एकापाठोपाठ विकत घेता येतात, आणि तिथे एक ओळही इशारा दिसत नाही. ही ओळ घालणं कठीण नाही. ती घातली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर ते काम बेत आखणाऱ्याचं आहे: वेळापत्रकात प्रत्येक खेळापुढे वेळेसोबत उंची लिहायची, कोणती गोळी कोण घेणार ते लिहायचं, आणि शेवटची गाडी कोण चालवणार ते सगळ्यात आधी ठरवायचं.

मावशी बुधवारी संध्याकाळी हालेआकालाला गेली, डुबकीनंतर बत्तीस तासांनी, बाबांसोबत. आता पुढच्या वर्षी हे कुटुंब शेजारच्या बिग आयलंडला जाणार आहे. तिथे कोनाच्या किनाऱ्यावर मांटा रे माशांसोबत रात्रीची डुबकी असते, आणि तिथला मौना केआ ज्वालामुखी ४,२०५ मीटर उंच आहे. आईने नवा बेत मला पाठवला. पहिल्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी डोंगर, आणि तोही २,८०० मीटरवरच्या अभ्यागत केंद्रापर्यंतच. तिसऱ्या दिवशी रात्रीची डुबकी, चौथा दिवस पूर्ण किनाऱ्यावर, पाचव्या दिवशी दुपारचं विमान. प्रत्येक ओळीपुढे तिने मीटर लिहिले आहेत, खोलीचेही आणि उंचीचेही.